चाकरमान्यामागोमाग चूलही गेली: रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या घटलेल्या लोकसंख्येचा प्रकरण अभ्यास

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. वाढ जवळजवळ १६ टक्के. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी तीन जिल्ह्यांत मात्र माणसं कमी भरली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहराचं कारण डोळ्यांसमोर आहे. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आणि कार्यालयं आली, राहणारी माणसं उपनगरांकडे सरकली. तळकोकणाचं, म्हणजे उरलेल्या या दोन जिल्ह्यांचं काय? तिथे त्या दशकात दुष्काळ पडला नाही, माणसं घटवणारी साथ आली नाही, २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांत साक्षरता ८० टक्क्यांच्या वर होती आणि कोकण रेल्वे तर जानेवारी १९९८ पासून दारात उभी होती.

"लोक मुंबईला जातात ना!" हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते अपुरं आहे. रत्नागिरीतून लोक मुंबईला दीडशे वर्षं जात आहेत. तरीही १९९१ ते २००१ मध्ये रत्नागिरी ९.८९ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्ग ४.४१ टक्क्यांनी वाढलाच होता. म्हणजे निव्वळ 'जाणं' हे घटीचं कारण होऊ शकत नाही. जाण्यात काहीतरी बदललं असलं पाहिजे. किती जण जातात यापेक्षा घरातलं कोण जातं, इथे तो बदल झाला.

आकडे काय सांगतात

| | २००१ | २०११ | फरक |
|---|---|---|---|
| रत्नागिरी, पुरुष | ७,९४,४९८ | ७,६१,१२१ | −३३,३७७ |
| रत्नागिरी, स्त्रिया | ९,०२,२७९ | ८,५३,९४८ | −४८,३३१ |
| सिंधुदुर्ग, पुरुष | ४,१७,८९० | ४,१७,३३२ | −५५८ |
| सिंधुदुर्ग, स्त्रिया | ४,५०,९३५ | ४,३२,३१९ | −१८,६१६ |

एकूण घट रत्नागिरीत ८१,७०८ (४.८२ टक्के) आणि सिंधुदुर्गात १९,१७४ (२.२१ टक्के). वर्तमानपत्रांत एवढेच आकडे आले. पण हा तक्ता स्त्री-पुरुष वेगळे करून वाचावा. सिंधुदुर्गात पुरुष जवळपास तेवढेच राहिले आणि बायका साडेअठरा हजारांनी कमी झाल्या. रत्नागिरीतही पुरुषांपेक्षा बायकांची घट पंधरा हजारांनी जास्त आहे. पुरुषांच्या स्थलांतरासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात बायका जास्त कमी व्हाव्यात, हीच या प्रकरणाची किल्ली.

लिंग गुणोत्तर हेच दुसऱ्या बाजूने दाखवतं. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १९९१ मध्ये १,२०५ स्त्रिया होत्या, २००१ मध्ये १,१३६, २०११ मध्ये १,१२२. सिंधुदुर्गात १,१३७ वरून १,०७९ आणि मग १,०३६. गुणोत्तर उतरतंय, ते पुरुष परतले म्हणून नव्हे. मागे राहणारी बाई आता मागे राहत नाही, म्हणून.

इथे एक गैरसमज खोडायला हवा, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे: "रत्नागिरीत लिंग गुणोत्तर हजाराच्या वर आहे, यावरून तिथे मुलींच्या जन्माचं स्वागत होतं असं दिसतं." तसं काही दिसत नाही. ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांत ९५० च्या आतच होतं. एकूण गुणोत्तर फुगतं ते कामाच्या वयाचे पुरुष बाहेर असल्यामुळे आणि म्हाताऱ्यांत विधवा जास्त असल्यामुळे. जन्माविषयी बोलायचं तर बाल लिंग गुणोत्तर बघावं. एकूण गुणोत्तर इथे स्थलांतराचं माप आहे.

एकटा पुरुष जायचा तेव्हा

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या, गोदी, पोलीस, नगरपालिका या सगळ्यांना माणूस पुरवणारा सगळ्यात मोठा जिल्हा रत्नागिरी ठरला. (सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी त्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या नोंदींत 'रत्नागिरी' म्हणजे दोन्ही.) ढकलणारी कारणं पक्की होती. उताराची जमीन, भाताचं एकच पीक, वरकस म्हणजे हलक्या जमिनीवर नाचणी-वरी, आणि या सगळ्यावर खोताचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावच्या वतनदाराचा, वाटा. खोती कायद्याने गेली ती १९५० मध्ये. ओढणारं कारण म्हणजे मुंबई आणि तिथवर नेणाऱ्या किनाऱ्याच्या आगबोटी. घाट चढून पुण्याला जाण्यापेक्षा बंदरावरून मुंबई गाठणं सोपं होतं.

त्या व्यवस्थेची रचना बघण्यासारखी आहे. लालबाग-परळच्या चाळीत एका गावाची एक खोली असे. त्यात पंधरा-वीस जण. पाळी वेगवेगळी असल्यामुळे एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा होई. उरलेले व्हरांड्यात नाहीतर फुटपाथवर. भिंतीकडेला प्रत्येकाची ट्रंक. जेवण खाणावळीत, महिन्याच्या बोलीवर. गावचं मंडळ खोलीचं भाडं, आजारपण, गावच्या देवळाची वर्गणी सगळं बघे. अशा खोलीत बायकोला आणायची सोयच नव्हती. गड्याचा पगार एकट्याला पुरून थोडा उरण्याइतका, संसाराला पुरण्याइतका नाही. उरलेलं मनीऑर्डरीने गावी. म्हणून जिल्ह्याच्या अर्थकारणाला नावच पडलं: मनीऑर्डरची अर्थव्यवस्था.

लोकसंख्येच्या हिशेबात याचा अर्थ असा की घर गावीच राहिलं. गरोदरपण, बाळंतपण, मुलांची शाळा, म्हातारपण सगळं गावी. पुरुष पंधरा-सोळाव्या वर्षी जाई, मे महिन्यात, गणपतीला, शिमग्याला येई आणि निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे घेऊन कायमचा परते. जिल्हा उमेदीची वर्षं मुंबईला उसनी देत होता, माणूस देत नव्हता. जन्म गावात नोंदले जात, त्यामुळे लोक जात असतानाही लोकसंख्या वाढत राही.

घर कसं उठतं

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि नंतर बऱ्याच गिरण्या पूर्ववत चालल्याच नाहीत. एकट्या पुरुषाला सामावून घेणारी ती खोली-खाणावळ-पाळीची यंत्रणा त्याबरोबर मोडली. काही जण गावी परतले. त्यांची मुलं पुन्हा निघाली, पण गिरणगावात नाही. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर. कुरिअर, सिक्युरिटी, रिक्षा, दुकानातली नोकरी, छोटे वर्कशॉप. इथे गावाची खोली नाही, स्वतःची खोली घ्यावी लागते, भाड्याने नाहीतर हप्त्यावर. आणि एकदा स्वतःची खोली झाली की बायको गावी कशासाठी? शिवाय दोघांनी कमावल्याशिवाय हप्ता फिटत नाही. ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरसह) याच दशकात ३६ टक्क्यांनी, म्हणजे २९ लाखांनी वाढला, त्यात हे लोकही आहेत.

घर एका दिवसात उठत नाही. त्याचे टप्पे असतात आणि वाडीत बसून ते ओळखता येतात.

मुलगा बारावीनंतर मामाच्या किंवा चुलत्याच्या खोलीवर जातो. चार-पाच वर्षांनी लग्न. इथेच एक गाळणी आहे: तालुक्याला बऱ्यापैकी दुकान चालवणाऱ्या मुलापेक्षा मुंबईत पंधरा हजारांवर असलेल्या मुलाला स्थळ लवकर मिळतं. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी सासू-शेती-गुरं यांचा हिशेब केलेला असतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. सून पहिली एक-दोन वर्षं गावी राहतेही. मग मूल शाळेच्या वयाचं होतं, आणि जून महिना येतो. आपल्या अनुभवात कायमच्या निघण्याचा सगळ्यात ठळक क्षण हाच: इंग्रजी माध्यमाचा प्रवेश. मागे राहतात आई-वडील. त्यातला एक गेला की दुसऱ्याला आधी फक्त पावसाळ्यापुरतं मुंबईला नेतात. दोन पावसाळे असे गेले की तिसऱ्या दिवाळीलाही तो माणूस परत येत नाही. दाराला कुलूप, चावी शेजारच्या घरात खुंटीला.

सून आणि मूल निघतात तेव्हा जिल्हा दोन माणसं गमावतो असं दिसतं. खरं तर तो पुढचे जन्मही गमावतो. दुसरं मूल आता विरारच्या नोंदवहीत जातं. म्हणून एकट्या पुरुषाच्या स्थलांतरापेक्षा कुटुंबाच्या स्थलांतराचा परिणाम कितीतरी जास्त खोल असतो.

दक्षिणेकडे चित्र थोडं वेगळं. दोडामार्ग, सावंतवाडीची पोरं मोटरसायकलवर गोव्यात कामाला जाऊन रात्री घरी येतात. हे स्थलांतर नव्हे, रोजची ये-जा आहे, आणि जनगणनेत ती माणसं गावातच मोजली जातात. दापोली, खेड, चिपळूणकडच्या मुसलमान वस्त्यांत आखाती देशांची वाट आहे. तिथे अजूनही जुन्याच पद्धतीने पुरुष एकटा जातो आणि घर मागे राहतं.

निव्वळ स्थलांतर किती?

सूत्र सोपं आहे: लोकसंख्येतला बदल = (जन्म − मृत्यू) + (येणारे − जाणारे). रत्नागिरीचा बदल −८१,७०८. जन्म-मृत्यूच्या फरकाचा अंदाज बांधला की बाकी राहील ते निव्वळ स्थलांतर. समजा, दर हजारी दर वर्षी मृत्यूंपेक्षा जन्म ६ ने जास्त होते. १६ लाख ९७ हजारांवर दहा वर्षांत ही भर सुमारे १ लाख २ हजार. म्हणजे स्थलांतराने गेलेले ८२ हजार नव्हेत, सुमारे १ लाख ८४ हजार: सुरुवातीच्या लोकसंख्येच्या ११ टक्क्यांच्या आसपास. फरक ४ धरला तर आकडा दीड लाखापर्यंत उतरतो, ८ धरला तर २ लाख १७ हजारांवर चढतो. ६ हे गृहीतक आहे, नोंद नव्हे. हे गणित करणाऱ्याने एकच आकडा देऊ नये, अशी पट्टी द्यावी. आणि जन्मनोंदींवरून फरक काढायचा असेल तर सावध राहावं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. विरारची मुलगी चिपळूणला येऊन बाळंत होते, दाखला चिपळूणचा निघतो आणि तीन महिन्यांनी बाळ विरारला जातं.

याच कारणाने 'जन्मठिकाण' हा स्थलांतराचा कच्चा पुरावा आहे. ते बाळ कागदावर रत्नागिरीहून आलेलं स्थलांतरित, आणि नालासोपाऱ्यात जन्मलेला, दर शिमग्याला पालखी खांद्यावर घेणारा पोरगा कागदावर बाहेरचा नव्हेच. १९७१ पासून जनगणना 'यापूर्वीचं राहण्याचं ठिकाण' विचारते. या कामाला तोच तक्ता वापरावा.

मागे राहिलेल्या घराचं आणि मळ्याचं

जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं घर बंद ठेवलं तर किती टिकतं? कौलं दर वर्षी पावसाआधी, मे महिन्यात, परतावी लागतात: काढायची, पालापाचोळा झाडायचा, फुटलेली बदलायची, पुन्हा बसवायची. एक वर्ष चुकलं तरी चालतं. दुसऱ्या वर्षी माकडांनी सरकवलेल्या कौलातून पाणी रीपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, येतं, रीप कुजते, तिच्यावरची ओळ खचते. मग वासा. वाळवी दमटपणाच्या मागून येतेच. चिऱ्याची भिंत उभी राहते, पण आतल्या मातीच्या भिंतीवर थेट पाऊस पडू लागला की माजघर एका पावसात बसतं. म्हणून आता पैसे जमले की चाकरमानी कौलं उतरवून पत्रा घालतात. घर तापतं, दिसायला वाईट, पण दर मेमध्ये माणूस लागत नाही. पत्र्याचं छप्पर दिसलं की तो फक्त आर्थिक सुधारणेचा पुरावा मानू नये. बहुधा ते घर सणापुरतं झालेलं असतं.

शेतीत बंद घराचा त्रास शेजाऱ्यालाही होतो. भाताची खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक, पाणी वरच्यातून खालच्यात. मधलं एक पडीक पडलं की त्याचा बांध कोणी दुरुस्त करत नाही. जुलैच्या पावसात तो फुटतो आणि गाळ खालच्या लावणीवर येतो. पडीक खाचरात झुडपं माजतात, त्यात डुक्कर बसतं, रात्री शेजारचं पोटरीतलं भात लोळवतं. दोन हंगाम असे गेले की शेजारीही लावणी सोडतो. लावणीला तरवा (भाताची रोपं) तयार झाल्यावर पंधरा दिवसांत हात लागतात. पूर्वी घराघरांतून आळीपाळीने एकमेकांकडे राबायला जात. वाडीत कामाच्या वयाची पाच-सहाच माणसं उरली की ही देवघेव बसते आणि मजुरी रोख द्यावी लागते, ती भाताच्या भावात बसत नाही.

मग काजू, आंबा लावावा, असं कोणीही सांगेल. १९९० पासून रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात हे बऱ्याच प्रमाणात झालंही. अडतं ते सातबाऱ्यावर. आजोबांच्या नावावरची जमीन, वारसनोंद अर्धवट, सामायिकात पंचवीस-तीस नावं, त्यातले काही मुंबईत, दोघे-तिघे हयात नाहीत पण नाव आहे. अनुदानासाठी सहहिस्सेदारांची संमती लागते. गावातला एकटा माणूस ती गोळा करायला मुंबईच्या किती फेऱ्या मारणार? गणपतीत सगळे येतात तेव्हा तलाठी कार्यालय बंद असतं. जमीन पडीक राहते ती माणूस नाही म्हणून, आणि माणसं फार आहेत म्हणूनही.

येणारे

जाणाऱ्यांवर एवढं लिहिलं जातं की येणारे दिसतच नाहीत. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी, मासेमारीच्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी, चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर, बांधकामावर उत्तरेकडचे. यातले बरेच पुरुष एकटे येतात, म्हणजे रत्नागिरीचा माणूस शंभर वर्षांपूर्वी परळला आला तसेच. सिंधुदुर्गातल्या पुरुषांची घट फक्त ५५८ दिसते त्यामागे हेही एक कारण धरायला हवं: स्थानिक तरुण बाहेर, बाहेरचे तरुण आत, आणि निवृत्त होऊन परतलेले थोडे. एकूण आकडा जागच्या जागी, आतली माणसं बदललेली.

वाडीची मोजणी करताना

जिल्ह्याचा आकडा सरासरी असतो. ग्रामपंचायतीला किंवा विद्यार्थ्याला वाडीचा लागतो. सुरुवात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीपासून करावी, कारण त्यात प्रत्येक घर येतं. रेशनकार्ड आणि मतदार यादीवर विसंबू नये. दोन्हींत गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं राहतात, काही मुद्दाम ठेवलेली असतात. मग प्रत्येक घरापुढे एक खूण: बारमाही उघडं, फक्त साठीच्या वरच्यांचं, सणापुरतं, कायम बंद, पडलेलं. राहणाऱ्यांत तोच मोजावा जो गेल्या बारा महिन्यांपैकी सहापेक्षा जास्त महिने इथे होता. मोजणी फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलैअखेर करावी. मेमध्ये किंवा गणपतीत केलेली मोजणी फेकून द्यावी.

समजा, वाडीत ६० घरपट्ट्या आहेत: २२ बारमाही, १४ फक्त म्हाताऱ्यांची, १५ सणापुरती, ६ बंद, ३ पडलेली. घरपट्टी बहुतेक सगळे भरतात, त्यामुळे कागदावर वाडी भरलेली. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा आकडा त्या १४ घरांत आहे: ती एकेक करून बंद होत जातील. शाळेचा पट, नळयोजनेची गरज, पालखीला खांदेकरी सगळं २२ वर ठरणार.

जनगणनेतही ऋतूचा हा घोळ आहे. २०११ साठी महाराष्ट्रात घरयादी मे २०१० मध्ये सुरू झाली, चाकरमानी गावी असताना. माणसं मोजली गेली फेब्रुवारी २०११ मध्ये, कुलपं लागलेली असताना. घरांचे आणि माणसांचे तक्ते शेजारी ठेवताना हे लक्षात असावं.

विधानसभेच्या जागा

१९७१ च्या लोकसंख्येवर बेतलेले मतदारसंघ २००८ मध्ये २००१ च्या आकड्यांवर नव्याने आखले गेले. रत्नागिरीचे सातावरून पाच झाले, सिंधुदुर्गाचे चारावरून तीन. लोकसभेचे रत्नागिरी आणि राजापूर हे दोन मतदारसंघ जाऊन एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग राहिला, दापोली-गुहागर रायगडला जोडले गेले. एकट्या ठाणे जिल्ह्याला २४ जागा मिळाल्या. लक्षात घ्या, २००१ पर्यंत हे दोन्ही जिल्हे वाढतच होते. राज्य १९९१ ते २००१ मध्ये २२.७ टक्क्यांनी वाढलं, हे त्याहून हळू. म्हणजे जागा गेल्या त्या नुसत्या हळू वाढण्याने. घट तर त्यात अजून मोजलीच गेलेली नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीत, चाकरमानी मोठ्या संख्येने गावी आले, शाळांत विलगीकरणात राहिले, काहींनी कोंबड्या-शेळ्या पाळून पाहिल्या, आणि लोकल सुरू झाल्यावर बहुतेक परतले. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. होळी त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, म्हणजे गणक वाडीत फिरून जातील तेव्हा शिमग्याची माणसं अजून आलेली नसतील. आकडे हाती आले की एकूण बेरजेआधी दोन रकाने उघडावेत: स्त्रियांचा, आणि ० ते ६ चा.